अप्पा आणि चोवीस घरांचं छत

लातूर,
८ जून १९८६

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना शरणु शरणार्थ. तुझं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की काहीतरी काम काढून उठायचो. इथं अजून ढगाचा तुकडा नाही. टँकर चार दिवसांआड येतो आणि तो आला की अख्खी वसाहत घागरी घेऊन खाली पळते. महादेवीला सातवा महिना लागलाय, म्हणून पाणी मीच वर चढवतो. तीच रोज विचारते, "अक्कांना लिहिलं का?" तिला काय विचारायचं आहे ते मला कळतं. आज रविवार, दार लावून बसलोय.

परवा गावाकडं जाऊन आलो. अप्पांच्या समाधीभोवती दगड लावून घेतले. मडिवाळप्पा आले होते. चाळीस वर्षं अप्पांच्या हाताखाली मातीच्या छतांची माळवदं घातलेला माणूस, एकेक दगड स्वतः बसवत होता. परत येताना आपल्या घरात शिरलो. बाहेर तोंड भाजत होतं आणि आत गारवा! आठवतं, आपण दोघं कडुलिंबाच्या पाल्याच्या पाट्या वर नेऊन द्यायचो? लाकडांवर फळ्या, फळ्यांवर पाला, त्यावर हातभर पांढरी माती. ती माती अप्पा दिवसचे दिवस चोपत बसायचे. घरमालक घाई करू लागला की म्हणायचे, "छप्पर म्हंजे घराची सावली हाय. सावलीत कसर करू नये." मला डिप्लोमाला पाठवताना मात्र हसून म्हणाले होते, "मी मातीची घातली, तू शिमिटाची घाल."

घातली की. लातूर जिल्हा झाला आणि चार वर्षांत गावाचं रूप पालटलं. जिकडं बघावं तिकडं परांच्या आणि खडी. माझ्याकडं कर्मचाऱ्यांची ही चोवीस घरं आली. नकाशात स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला जाड कोबा होता. तो ऊन अडवतो, पावसाचं पाणी उतरवतो. पण कोबा घालायला आणि मुरवायला पाणी लागतं, आणि गेल्या वर्षी इथं प्यायलाच नव्हतं. ताबा द्यायची तारीख तर ठरलेली. साहेब म्हणाले, "पावसाळ्यानंतर करून घेऊ, आत्ता काम पूर्ण म्हणून लिही." मी लिहिलं. सही माझी आहे, अक्का. पश्चिमेच्या खिडक्यांवरचे छज्जेही गाळले होते, त्याच्यावरही तीच सही. आणि वरच्या मजल्यावरचं पश्चिमेचं घर मलाच मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

एप्रिलात अप्पा तुझ्याकडून इकडं आले, तो दिवस मला पुन्हा सांगायचा आहे. तू त्यांना नांदेडला दुपारच्या एसटीत बसवून दिलंस. लोहा, अहमदपूर करत गाडी सहाच्या सुमारास आली. मी स्टँडवर होतो. अप्पा स्वतःच्या पायांनी उतरले. खांद्यावर तू दिलेला अर्धापूरच्या केळ्यांचा फणा होता, तो माझ्याकडं देईनात. म्हणाले, "सुनेच्या हातातच देईन." घरी येऊन दोन पेले ताक प्याले, महादेवीची चेष्टा केली, लिंगपूजा करून पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी स्लॅबवर तळवा टेकला आणि चटकन उचलला. मग वाकून कडेनं बघत फिरले, जसे कुणाचं काम तपासायला जायचे तसे. शेवटी म्हणाले, "हिच्यावर काईच न्हाई की रे, इरूपा. उघडीच ठिवलास?" मी पाण्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "मग लेकरंबाळं राहायला कशी आणलास?" मी रागानं जिना उतरलो.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून जेवायला आलो तर अप्पा जिन्यात. अंघोळीचं पाणी त्यांनी दोन बादल्यांत राखून ठेवलं होतं आणि त्यात चुना कालवला होता. स्लॅब पांढरा केला तर थोडं ऊन परतेल, म्हणत होते. समोरच्या घरांतली माणसं बघत होती. इंजिनियरचा बाप छपराला चुना फासतोय हे साहेबांच्या कानावर गेलं असतं, छपरावर काय नाही तेही गेलं असतं. मी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. म्हणालो, "अप्पा, माझी नोकरी घालवू नका." त्यांनी हाताचा चुना धोतराला पुसला. मग म्हणाले, "बरं. सायबाचा बाप हाय मी. गप बसतो."

आणि ते खरंच गप बसले. चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. महादेवी डॉक्टरांकडं तपासायला गेली होती. मी कचेरीत होतो. दिवस कलला तरी त्या खोलीची भट्टी विझत नाही, भिंत आणि स्लॅब दोन्ही वाफा ओकत राहतात. मी साडेपाचला आलो तेव्हा अप्पा जमिनीवर ओलं धोतर अंगावर घेऊन पडले होते. धोतर वाळून कडक झालं होतं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. मला ओळखलं नाही. कुणाला तरी मातीची पाटी वर दे, वर दे, म्हणत होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

तू आलीस तेव्हा गौरम्मा आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "भर उन्हात म्हाताऱ्याला गाडीत कुणी बसवलं?" आणि मी म्हणालो की एसटीतून उतरले तेव्हाच त्यांचं अंग तापलं होतं. ते खोटं होतं, अक्का. तू भिंतीला धरून खाली बसलीस, ते मी पाहिलं आणि तरी गप्प राहिलो. सोमवारी मी खात्याला लेखी दिलं की चोवीस घरांवर कोबा नाही आणि पूर्ण झाल्याची सही माझी आहे. चौकशी लागली आहे, नोकरीचं काय होईल ठाऊक नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. भाऊजींनी मला तुझ्या नकळत लिहिलं आहे की तू दुपारी दारं उघडी टाकून उन्हाच्या झळेत बसतेस, पंखा लावू देत नाहीस, म्हणतेस अप्पांना मी असंच पाठवलं. तू पाठवलेले अप्पा माझ्यापर्यंत हसत पोचले होते. पुढचं सगळं माझ्या छताखाली झालं. हे पत्र आत्यालाही वाचून दाखव. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण दुपारी पंखा लावून पडत जा.

तुझाच धाकटा,
विरूपाक्ष