सोमाच्या नावाची मूठ

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

पांडेसरा, सुरत
मंगळवार, ८ ऑगस्ट १९९५

ती. सौ. ताराजिजींस,
धुरपदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमचे दीर दुसऱ्या पाळीला आहेत. योगराज आणि वाल्मिक रोज शाळेत जातो म्हणतात, खरं-खोटं मास्तर जाणे. कानबाई रविवारी बसली, काल तापीत बोळवली. नथ तुम्ही दिलेलीच घातली होती. चाळीतल्या गुजराती बायका बघायला आल्या आणि नारळाला एवढा साज कशाला, म्हणून तासभर विचारत बसल्या.

आता मुद्द्याचं. कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घेताना घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, ही आपली रीत. मी यांची घेतली, योगराजची घेतली, वाल्मिकची घेतली आणि चौथी सोमाभाऊंच्या नावाने घेतली. सोमाभाऊ म्हणजे समोरच्या खोलीतल्या मीराबाईंचे मालक. बौद्ध आहेत. नाव चांगलं मोठ्याने घेतलं, देवीला ऐकू जाईल असं. गहू मिसळले, दळून आले, रोट झाले. आता त्यातून कोणाचीच मूठ वेगळी काढता यायची नाही.

नानांना राग येईल हे जाणून लिहिते. गेल्या पितृपक्षात प्लेगने चाळ दोन दिवसांत ओस पडली आणि नेमका यांना ताप भरला. तेव्हा यांचे सख्खे थोरले भाऊ असून नानांनी गावच्या भटूच्या हाती निरोप धाडला, की गावात रोग आणू नका, आहात तिथेच राहा. त्यांचंही खोटं नव्हतं, घरात लेकरं होती. पण सोमाभाऊंच्या घरातही लेकरू होतंच. त्यांनी यांना हातलारीवर घालून दवाखान्यात नेलं आणि सहा दिवस बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. ताप मलेरियाचा निघाला, पण लारी ओढताना ते कोणाला ठाऊक होतं? तेव्हा भाऊबंद कोणाला म्हणायचं, ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

रोट कुळाबाहेर देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा असतो, हे मला शिकवू नका. तुम्हीच शिकवलंय. आज दुपारी ताट घेऊन मीराबाईंकडे जाते. बाई किती हरखेल, या विचाराने मला आतापासूनच हसू येतंय.

नानांना नमस्कार, रागावलेले असले तरी. तुमची माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
धुरपदा


॥ श्री ॥

पिंपळवाडे
१७ ऑगस्ट १९९५

चि. सौ. धुरपदास,
ताराकडून अ. उ. आ.

पत्र माझ्या हाती आधी पडलं असतं तर सरळ चुलीत घातलं असतं. पण पोस्टमनने ते ओट्यावर यांच्याच हातात दिलं. यांनी दोनदा वाचलं, टोपी घातली आणि न जेवता शेतात निघून गेले. संध्याकाळी बोलले ते असं, की कुळाच्या धान्यात परक्याचं नाव घातलं, तेही त्या वस्तीतल्या माणसाचं, रोट बाटला. छगनने चार ओळींचं माफीपत्र लिहावं. नाही लिहिलं, तर पुढच्या साली थोरल्या घरच्या रोटात छगनची मूठ घ्यायची नाही, त्याच्या पोरांचीही नाही.

याचा अर्थ तुला कळतो. आजोबांच्या वेळेपासून, कोणी परगावी आपली कानबाई बसवली तरी, सगळ्या भावांच्या मुठी या एका घरात एकत्र होतात. ज्याची मूठ नाही तो कुळात नाही. उद्या योगराजच्या लग्नात भाऊबंदांपैकी एकही मांडवात उभा राहणार नाही. छगनभाऊंनी हे कसं सोसायचं? लहानपणी यांच्या पाठीवर बसून शाळेत गेलेले आहेत ते. म्हणून सांगते, तू लिहून टाक. तुझं अक्षर बरं आहे, चार ओळींनी झिजायचं नाही.

एक गोष्ट मात्र यांच्या माघारी लिहिते. भटूला तो निरोप सांगितला तेव्हा मी आत भाकरी थापत होते. सगळं ऐकलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. ते अजून मनाला लागून राहिलंय.

मीराबाई किती हरखल्या, ते अगदी सविस्तर लिही. जपून राहा.

तुझी,
जिजी


॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

पांडेसरा, सुरत
२७ ऑगस्ट १९९५

ती. सौ. ताराजिजींस,
सा. न. वि. वि.

मीराबाई हरखल्या नाहीत. ताटाला बोटसुद्धा लावलं नाही. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, की तुमच्या सणाचा मला राग नाही, पण आम्ही देवीचा प्रसाद घेत नाही. त्यांची आजी सणासुदीला गावात दारोदार उभी राहायची आणि उरलंसुरलं पदरात घ्यायची. छप्पन साली घरातल्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी आजीने तो पदरच फाडून टाकला. तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी मान म्हणून दिलं तरी आधी विचार होतो. मग म्हणाल्या, की मालकांचं नाव तुमच्या देवीपुढे घेण्याआधी मालकांना विचारलंत का?

जिजी, मी ताट उचलून तरातरा घरी आले. एवढं कुळाशी वैर घेऊन मान दिला आणि बाईचा ताठा बघा, असं मला वाटलं. आठ दिवस नळावर शेजारी उभी राहून बोलले नाही. मीराबाईही बोलल्या नाहीत, पण माझी घागर भरली की नेहमीसारखी उचलून डोक्यावर द्यायच्या. नवव्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी सगळ्या जगाला आव्हान दिलं होतं आणि ज्याचं नाव घेतलं त्यालाच विचारलं नव्हतं. त्यांनी हरखावं म्हणून मी गेले होते, म्हणजे मी वरच्या पायरीवरूनच देत होते. घरी जाऊन दोघांची माफी मागितली. सोमाभाऊ ओशाळले आणि मीराबाईंनी चहा टाकला.

आता नानांच्या चार ओळी. त्या मी लिहिणार नाही. विचारलं नाही ही माझी चूक, तिची माफी मी जिथे मागायची तिथे मागून आले. पण सोमाभाऊंच्या नावाने धान्य बाटलं, हे मी कागदावर लिहिणार नाही आणि मेले तरी म्हणणार नाही. तुमच्या दिरांना विचारलं. त्यांनी विडी विझवली आणि सांगितलं, लिहू नकोस.

तुम्ही भाकरीचं लिहिलंत ते वाचून मी रडले. तुमच्यावर माझा राग नाही. दूर ढकलू नका, एवढंच मागणं.

तुमची,
धुरपदा


नमो बुद्धाय

पांडेसरा, सुरत
१२ ऑगस्ट १९९६

आदरणीय शालिग्रामनाना यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

ओळख नसताना लिहितो. मी सोमा, छगनदादांच्या समोर राहतो आणि त्यांच्याच मिलमध्ये कापड वाळवायच्या मशीनवर आहे. या पत्राचं दादा-वहिनींना माहीत नाही.

दादा आठ दिवस डबा तसाच परत नेत आहेत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, गावी रोटाचे गहू निवडायला घेतले असतील, आणि यंदा माझी मूठ नाही. कारण मी, हे मला तेव्हा कळलं.

नाना, माझं नाव तुमच्या धान्यात असावं असं मी मागितलं नव्हतं आणि आजही मागत नाही. मी देवीला हात जोडत नाही. दादांना दवाखान्यात नेलं ते तुमच्या कुळात जागा मिळावी म्हणून नव्हे. माझं नाव काढायचं असेल तर खुशाल काढा. पण माझ्या नावाने धान्य बाटतं असं तुम्ही म्हणता, ते मी ऐकून घेणार नाही. नाव नको म्हणणं माझ्या हातात आहे, ते हलकं म्हणणं तुमच्या हातात नाही.

वहिनी माझ्या घरी वैशाखी पौर्णिमेची खीर खाऊन गेल्या. आम्ही आधी विचारलं होतं, खाल का? त्या कपाळाला कुंकू लावून आल्या, माझ्या बायकोने भिंतीवरचा बुद्धांचा फोटो झाकला नाही, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. धम्मपाल माझा मुलगा. तो वाल्मिकचा भाऊ नाही, पण दोघांची मारामारी रोज भावांसारखी होते.

भावाची मूठ थांबवू नका. सुरतेला आलात तर माझ्या घरी या. पाणी प्यायचं असेल तरच या. माझं चुकलं असेल तर सांगावं, नसेल तर मान द्यावा.

आपला,
सोमा


॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

पिंपळवाडे
२८ ऑगस्ट १९९६

चि. सौ. धुरपदास,
अ. उ. आ.

सोमाभाऊंनी यांना पत्र लिहिलं, हे तुला माहीत नसेल. यांनी ते कोणाला दाखवलं नाही. बंडीच्या खिशात ठेवलं आणि दिवसातून चार वेळा खिसा चाचपायचे. मी बंडी धुवायला घेतली तेव्हा वाचलं.

गहू घ्यायच्या दिवशी हे समोर येऊन बसले. नावं हे सांगणार आणि मुठी मी घेणार, अशी आपली रीत. यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मी हात गव्हात घातला नाही. मग आमच्या लेकाचं, निंबाचं सांगितलं, तरी हात मांडीवरच. हे रागावले. तेव्हा मी सांगितलं, की छगनभाऊंचं नाव आधी येईल, नाहीतर या घरात यंदा कोणाचीच मूठ नाही, तुमचीही नाही. मागे एकदा मी गप्प राहून भाकरी थापली, आता थापणार नाही. तीस वर्षांत यांच्यापुढे माझा आवाज असा निघाला नव्हता. सुना दाराआडून ऐकत होत्या.

यांनी गव्हाची रास माझ्यापुढे सारली. मग छगनचं नाव सांगितलं. मी मूठ घेतली तर म्हणाले, लहान घेतलीस, त्याचा हात मोठा आहे. मग योगराज, मग वाल्मिक. सोमाभाऊंचं नाव घेतलं नाही. त्यांना स्वतःलाच ते नको आहे म्हणून नाही घेतलं, धान्य बाटतं म्हणून नव्हे, हे मात्र यांनी देवीपुढे स्पष्ट सांगितलं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं सुरतेला येतोय. यांना सोमाभाऊंच्या घरी पाणी प्यायचं आहे. पण त्याआधी तू जाऊन मीराबाईंना विचार, की आलेलं चालेल का. त्यांनी बोलावलंच आहे, आता काय विचारायचं, असं मी म्हटलं. त्यावर हे म्हणाले, की बोलावलं ते छगनच्या भावाला. ज्याने छगनला दार लावलं, तो येतोय, असं सांगून विचार. नाही म्हणाले तर मी बाहेरच्या ओट्यावर बसेन.

उत्तर लवकर पाठव. हे रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभे राहतात.

तुझी,
जिजी