ऐकू न आलेली शिट्टी

प्रिय बारक्या,

रागावला असशील. फोन घेत नाही, निरोपाला दोन शब्दांत उत्तर देते, ही कसली ताई, असं म्हणत असशील. म्हण. पण हे फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच काहीतरी विनोद केला असतास, मी हसले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून लिहायला बसले. तूही खाली बस आणि नीट वाच. जिन्यात उभा राहून वाचू नकोस.

माझ्या नोकरीची तू नेहमी थट्टा करतोस. साबणाच्या वडीवर चमचा फुकट मिळतो, तशी आमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर वाद्यं फुकट मिळतात, आणि ताई त्या चमच्यांची परीक्षक, असं तू तुझ्या वादक मित्रांना सांगतोस ते मला माहीत आहे. खोटं नाही ते. पण बारक्या, ज्याच्याकडे खरा पियानो ठेवायला जागा नाही, असा कोणीतरी आपल्या खोलीत बसून पहिलं गाणं याच चमच्यांनी करतो. म्हणून मी ते काम मनापासून करत आले. एकच सूर लागोपाठ दाबत राहायचा. खरं वाद्य दर वेळी थोडं वेगळं वाजतं, वाईट केलेलं वाद्य शिलाई मशीनसारखं तेच ते ओकत राहतं. मग हलक्या हाताने वाजवायचं, मग जोरात. जोरात वाजवल्यावर नुसता आवाज वाढतो की वाद्याचा स्वभावही बदलतो, ते बघायचं. शेवटी सूर विझताना ऐकायचा. सगळी लबाडी तिथे उघडी पडते. माझे कान या कामात पक्के आहेत, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आमच्या ऐकायच्या खोलीत तू एकदा येऊन गेला आहेस. करड्या गाद्यांच्या भिंती, खिडकी नाही, पंखा नाही. तिथे आम्ही चौघं बसतो. आमच्या मॅडम, मी, कीबोर्ड वाजवणारा दाढीवाला, ज्याचं नावच दाढी पडलंय, आणि दिवसभरात चार शब्द बोलणारा तंत्रज्ञ, ज्याला आम्ही मुनी म्हणतो. त्या दिवशी नव्या व्हायोलिनांची निवड होती. नावं झाकलेली, नुसती क, ख, ग, घ. मला ‘ग’ फार आवडलं. मऊ, गोल, कुठे खरखर नाही. मी भरभरून गुण दिले आणि मान वर केली, तर मुनीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मॅडमचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला होता. दाढी म्हणाला, “बंद करा बुवा ते! प्रत्येक सुराच्या शेपटाला शिट्टी वाजतेय.” मला वाटलं, माझी गंमत करतायत. मग मॅडमनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, “तुम्हाला शिट्टी चालली?” मी म्हणाले, “शिट्टी काढून टाकता येईल हो, त्यामागचा सूर बघा ना.” शिट्टी मला ऐकू आलीच नव्हती, बारक्या.

सगळे जेवायला गेल्यावर मी एकटी मागे राहिले. सॉफ्टवेअरमधून एक साधा सूर लावला आणि हळूहळू वर चढवत नेला. पडद्यावर त्याची रेघ चढत होती. सूर बारीक होत गेला आणि एका जागी, बोलता बोलता कोणी खोलीतून उठून जावं तसा निघून गेला. रेघ मात्र चढतच होती. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. कानांवर नुसता दाब आला. दारात मुनी उभा होता आणि वेड्यासारखे हातवारे करत होता. मी काय लावून बसले होते ते त्याला बाहेरच्या वाटेवरूनही ऐकू आलं होतं.

त्यानंतर मी डोळ्यांनी परीक्षा करायला लागले. पडद्यावरच्या आलेखात वर कुठे काटा उभा राहतो का ते बघायचे. दाढीची भुवई, मॅडमचे ओठ, मुनीचा पाय, सगळं तिरक्या नजरेने टिपायचे आणि मग गुण द्यायचे. घरी भीती वेगळी होती. ओव्हनची टिटी वाजत राहायची आणि मी शेजारी उभी असायचे. हे म्हणायचे, “कुठे लक्ष आहे तुझं?” लेक कानाशी येऊन तिच्या शाळेतली गुपितं कुजबुजायची. मला फक्त गरम श्वास लागायचा. श, स, फ सगळे गळून पडलेले. मी योग्य वाटेल तिथे हसायचे. एकदा हसले आणि ती लांब होऊन म्हणाली, “आई, मी रडत होते ते सांगितलं.”

मग घंटांचा संच आला. मॅडम बाहेरगावी होत्या, मुनी आजारी होता, दाढी सुट्टीवर. मी एकटीनेच तो पसंत करून पुढे पाठवला, वरच्या घंटा कर्कश आहेत हे न कळताच. दुसऱ्या दिवशी दाढीने मला ऐकायच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, “भिंतीकडे तोंड कर. मी काय वाजवतोय ते सांग.” मी गादीच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ गेला. मी म्हणाले, “वाजव ना लवकर. शाळेत असल्यासारखं काय उभं केलंयस?” मी वळून पाहिलं तर त्याचं बोट सगळ्यात वरच्या सुराच्या पट्टीवर होतं आणि डोळे भरले होते. “मी केव्हाचा वाजवतोय गं,” तो म्हणाला.

डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला. ह्यांना त्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. आतल्या कानातल्या बारीक पेशी मरत चालल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या. वरच्या सुरांपासून सुरुवात होते आणि खाली उतरत येतं. किती वेगाने, ते कोणी सांगू शकत नाही. “घरात आणखी कोणाला होतं का?” डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. आणि बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून थांबले, कारण मला बाबा आठवले.

तडक आईकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांना ऐकू कमी येत होतं का, असं मी विचारलं तशी हातातला सदरा मांडीवर ठेवून म्हणाली, “तुझ्या बाबाने शपथ घातली होती मला. पोरांना सांगायचं नाही म्हणून.” मग तुझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाचं तिनेच काढलं. तू एकट्याने वाजवायला उभा राहिलास आणि पहिल्या रांगेत बसलेले बाबा पाठ वळवून सभागृह बघत बसले. त्यानंतर तू त्यांना कधी बोलावलं नाहीस. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो सल तुझ्या मनातून गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. आई म्हणाली, “तो लोकांची तोंडं बघत होता रे देवा! पोरगा वरच्या तारेवर गेला की त्याला नुसता हात हलताना दिसायचा. कसं वाजतंय ते लोकांच्या चेहऱ्यावरून वाचत होता. घरी येऊन मला म्हणाला, एक बाई रडत होती, म्हणजे चांगलं वाजवलं असणार.”

हे तुला जड जाणार. मलाही गेलं. पण तुझ्यापासून लपवायचा हक्क आता कोणालाच नाही.

ऑफिसात मी सांगून टाकलं. मॅडमनी कामांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, चेलो, बास, ढोल तुम्ही ऐका, वरचं दाढी बघेल. सध्या तसं चाललंय. कानांत ऐकायची मशिनं बसवलीत. त्यांतून लेकीचा ‘श’ परत आला, थोडा पत्र्याचा, पण आला. डॉक्टर म्हणतात, मशिनं वेळेवर लावली तर मेंदू ते आवाज विसरत नाही, उशीर झाला तर विसरतो. मी रोज सकाळी तो चढता सूर लावून बघते. लावू नको असं सगळे सांगतात, पण राहवत नाही. तो कुठे सोडून जातो ते बघायचं असतं. खाली सरकला असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून लावते.

आता खरं कारण. निघताना डॉक्टरांनी विचारलं, भाऊ-बहीण कोणी आहे का? मी म्हणाले, धाकटा भाऊ आहे, व्हायोलिन वाजवतो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हापासून तुझं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. मागे आला होतास तेव्हा जेवताना म्हणालास, हल्ली वरच्या तारेला चमकच येत नाही, बोथट वाजते, इतक्यांदा बदलली तरी तेच, तो दुकानदार जुना माल गळ्यात मारतो. मी ‘हो ना’ म्हणाले आणि तुला आणखी वाढलं. बारक्या, तुझे कान तपासून घे. येत्या आठवड्यात घे. एकटा जायला धीर होत नसेल तर मी येते, बाहेर बाकावर बसून राहीन. तुला शंभर वर्षं चांगलं ऐकू येवो. मी तर सकाळ-संध्याकाळ एवढंच मागते की तो दुकानदार खरोखरच अट्टल चोर निघावा.

तुझीच,
ताई