वलंदाज साहेब आणि तिसरी बोअर

तलवाड्याजवळची वस्ती,
चैत्र, बहात्तरच्या दुष्काळाचा

प्रिय बिभीषणा,

वर्गबंधू आश्रुबाचा सप्रेम नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुमच्या कडा गावाला टँकर येतो म्हणे, भाग्यवान आहेस. (ज्या ओढ्यात पाय सोडून आपण कविता पाठ करायचो, तिथं आता शेळ्याही बसत नाहीत.)

मला बसलेला धक्का ऐक. आमच्या सोसायटीचे चेअरमन राधाकिशन यांनी खटपट करून बोअरचं मशीन आणलं, सोबत एक डच साहेब. शाळेत आपण डचांना वलंदाज म्हणायचो ना? मी स्वागताला भुजंगप्रयात रचलं: ‘वलंदाज वीरा, तुझी ही जहाजे...’ (समोर कोरडी विहीर होती, पण वृत्त अडलं की जहाजंही चालतात.) साहेब बघतच राहिला. वलंदाज हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता! दुभाष्यामार्फत म्हणाला, हे हॉलंडचंच रूप, पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून तुमच्याकडे आलं असेल. इंग्रज डच म्हणतात, त्याचं मूळ नुसतं ‘लोकांचं’, आपल्या माणसांचं. आम्ही मात्र स्वतःला नेदरलांडर म्हणतो, सखल मुलखाचे. (हे कुठल्या वृत्तात बसवू? मी हबकलोच.)

पण खरा घात पुढंच होता. सखल म्हणजे किती, असं वस्तीतल्या म्हाताऱ्या केसरबाईनं विचारलं. काही ठिकाणी समुद्राच्याही खाली, साहेब अभिमानानं म्हणाला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाणी उपसून बाहेर टाकत आलो!

केसरबाईनं कपाळावर हात मारला.

“अगं बया! पानी हाकलनारा मानूस आनलाय व्हय चेअरमन? तरीच दोन्ही बोअरी कोरड्या गेल्या!”

“मावशी, लई शिकलेला हाय त्यो,” चेअरमन म्हणाले.

“शिकलेला असंल. पायाळू हाय का, ते इचारा.”

पायांकडून जन्मलेल्यालाच जमिनीतलं पाणी कळतं, हे साहेबाला समजावताना दुभाष्याला घाम फुटला. साहेब निघाला डोक्याकडून जन्मलेला! आता तिसऱ्या बोअरची जागा त्याला कुणी दाखवू देत नाही, आणि सोमवारी मशीन दुसऱ्या गावी जाणार. मग बायांच्या डोक्यावर पुन्हा तलवाड्यापर्यंतचे हंडे.

तुझा,
आश्रुबा

ता. क. तू पायाळू आहेस, हे तुझी आई जानकीकाकू साऱ्या वर्गाला सांगायची आणि तू रडकुंडीला यायचास. आता लाजू नको. मिळेल त्या एसटीनं ये.

आणखी एक. साहेबाला मी सांगितलंय, तू शब्दांची मुळं शोधणारा पंडित आहेस म्हणून. तेव्हा त्याला वलंदाजाबद्दल काहीबाही सांगत वस्तीभर अनवाणी हिंड. पाय थबकतील तिथंच व्याख्यान लांबव. मशीन आम्ही मागोमाग आणतो.