पाठमोरे पोपट

सोलापूर
६ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. (गुडघ्यांमुळे साष्टांग फक्त कागदावर.)

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की एवढ्या मोठ्या शहरात मला वाटीभर रॉकेल मिळालं नाही. रेशन दुकानदार सिद्धलिंगप्पा म्हणाले, गॅस आहे की घरात, आता कुणाला पेटवायचंय? निळीत कालवून, टोचलेल्या कागदावरून बोळा फिरवून कापडावर पोपट उतरवायचाय, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याकडे जास्तच संशयाने बघतात.

शेवटी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. तुझं अभ्र्याचं कापड त्यातच छापलंय. वास गेला नाही तर उशीला व्हरांड्यात झोपव.

गिऱ्हाईक म्हणशील तर आता तू एकटीच. बाकी बायकांना मशीनचं भरतकाम तयार मिळतं. पुढच्या खोलीत मी आणि माझे भोकं पाडलेले कागद. बेल वाजते ती कुरियरवाल्याला शेजारचा पत्ता हवा असतो तेव्हा. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. पोपटांबद्दल कळव. लोभ वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझी भाची
इंद्रायणी

मंगळवेढा
१६ जानेवारी

चि. इंद्रायणीस अनेक आशीर्वाद.

मनगट धरलंय, म्हणून शेजारची सुकन्या लिहून देतेय. अक्षर सुरेख दिसलं तर श्रेय तिचं. पार्सल मिळालं. पोपट छान, अगदी चोचीला चोच. भरायला घेतलेत.

रविवारी हृषीकेशचा फोन आला. तो काय म्हणाला ते सुकन्याने माझ्या कानात ओरडून सांगितलं. एकटी काय करतेस, घराला कुलूप लाव आणि पुण्याला ये, म्हणे. मी म्हटलं, भरतकाम चाललंय माझं, हातातलं काम टाकून येणार नाही. लेकाने फोन ठेवला.

आणखी एक नवीन कापड पाठवतेय. कमळं छाप. मोठी काढ, बारीक काम हल्ली मला आवडत नाही. जेवणाची हेळसांड करू नकोस. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा करतेस, ते ठाऊक आहे मला.

आत्याचे आशीर्वाद आहेतच.

सोलापूर
२४ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

सुकन्या, हे पत्र वाचून दाखवताना काही गाळू नकोस.

आत्या, पोपट चोचीला चोच नव्हते. कागदावर पोपट एकच असतो, कागद पालथा घातला की त्याचा जोडीदार उमटतो, हे तूच मला शिकवलंस. मी डावी-उजवी बाजू चुकले आणि दोघं भांडलेल्या नवराबायकोसारखे पाठमोरे बसले. पार्सल टाकल्यावर माझ्या लक्षात आलं. मग तुझ्या शिव्यांची वाट बघत बसले. एक पाकळी सरकली तर कापड परत पाठवणारी बाई तू! तुझ्याकडून कौतुक आलं, तिथेच मला शंका आली.

आज तुझं ‘नवीन’ कापड उन्हात धरलं. धुतलेल्या निळीतून एका पोपटाची शेपटी अजून दिसतेय. कापडाला सुई लागलेलीच नाही. डोळ्यांचं काय झालंय, ते खरं लिही.

इंद्रायणी

मंगळवेढा
३१ जानेवारी

चि. इंद्रायणीस आशीर्वाद.

माझ्या हाताने लिहितेय, जाड पेनाने. पानावर थोडंच मावेल.

दिवाळीपासून सुईचं नेढं दिसत नाही. मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, उरलेलं इंजेक्शनने टिकेल, सोलापूरला दाखवा. मी गेले नाही. हृषीकेशला कळलं तर मला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथे दिवसभर सगळे बाहेर. इथल्या भिंती निदान माझ्या हाताला ओळखतात.

कापड धुऊन परत धाडलं, कारण मला तुझं पत्र हवं असतं. काम नसेल तर तुला काय म्हणून लिहू?

चिडली असशील तर चीड. हृषीकेशला सांगू नकोस.

आत्या

सोलापूर
५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

तुझ्या ओळी घाट चढल्यासारख्या वर गेल्यात, पण सगळ्या वाचल्या. चिडले. मग पत्र पुन्हा वाचलं. काय म्हणून लिहू, असं विचारतेस? आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून लिही. मला तरी दुसरं कोण लिहितंय!

हृषीकेशला मी सांगणार नाही, तूच सांगशील. मंगळवारी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारी मी तुला न्यायला येतेय, एसटीने परत येऊ. इंजेक्शनं महिन्या-महिन्याने असतात म्हणे. तेवढ्यापुरती माझ्याकडे राहा, बाकीचे दिवस तुझ्या भिंतींपाशी. उपचार सोलापूरला म्हटल्यावर पुण्याचा प्रश्न येतोच कुठे, हे त्याला ठासून सांग. सांगताना मी शेजारी बसेन. मात्र डोळे आणखी बिघडले, तर तिघांनी मिळून ठरवायचं. तेव्हा लपवाछपवी नाही.

कमळं छापली आणि मीच भरली. जाड दोरा, गाठीचा टाका. पाकळ्यांच्या कडा बोटाला लागतात का बघ. टाके वाकडे आहेत. त्यावरून बोलायचं ते समोरासमोर बोल, मोठ्याने.

सातवीत शाळेचा रुमाल मला जमेना, तेव्हा तू भरून दिला होतास. मीही तुला एक काहीतरी भरून देईन म्हणाले होते. हे घे.

तुझी
इंद्रायणी