ससा उजव्या हाताचा

सोमवार, ३० जुलै १९५६

बाबांचा उजवा खांदा गेला! डॉक्टर म्हणाले, हात आता डोक्याच्या वर जाणार नाही. बाबा त्यांच्याशी भांडले. हात वर धरून तंबूत उभं राहण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो भांडणारच.

मग किनाऱ्यावरचा आमचा बाहुल्यांचा खेळ आता कोण करणार? उमेदवार दोन. एक मी. दुसरा आतेभाऊ डेन्झिल, ज्याचा भांग समुद्राच्या वाऱ्यातही मोडत नाही. एक आठवडा माझा, एक त्याचा. ऑगस्टअखेर होड्यांच्या शर्यती झाल्या की बाबा ठरवणार, ससा कुणाला द्यायचा. ससा ज्याचा, त्याचा तंबू, त्याचा किनारा. मला तो ससा हवाय. पाळण्यात होते तेव्हापासून हवाय.

जेवताना बाबांनी नियम पुन्हा ऐकवला, जसा काही मी तो आज पहिल्यांदाच ऐकत होते. ससा, म्हणजे आमचा सर पेरन, उजव्या हातावर. खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो उतरवायचा नाही. डाव्या हातावर बाकीची मंडळी एकामागून एक — खेकडा, शिपाई आणि शेवटी कोल्हा. मग तलवारींची लढाई, आणि कोल्हा मरतो. पणजोबांपासून असंच चालत आलंय.

अडचण एवढीच की मी डावखुरी!

बुधवार, १ ऑगस्ट

कोल्ह्याने सशाला बडवलं. दोन्ही खेळांत.

मी तरी काय करू? डाव्या हातावर कोल्हा चढला की त्याच्या अंगात येतं. उजव्या हातावरचा ससा मात्र ओल्या वाळूतून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. ससा वार करायला पोचेपर्यंत कोल्ह्याने त्याची टोपी उडवली, मिशीला तलवार लावली, मागे जाऊन ढुंगणावर टोचली. पोरं वाळूत लोळली. मग ओरडायलाच लागली — कोल्हा! कोल्हा! दुसऱ्या खेळात कोल्ह्याला कशीबशी शिंक आणून मारलं. तर पोरं रडली.

बाबा तंबूच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. समोर बसायला ते तयारच नाहीत. समोर गिऱ्हाईक बसतं म्हणे, पास्को घराण्यातलं माणूस नाही. खेळ संपल्यावर मला म्हणाले, "ससा हरला, पोरी." मी म्हटलं, आजारी असेल. ते हसले नाहीत.

शुक्रवार, ३ ऑगस्ट

सरावासाठी उजव्या हाताने चहा ढवळला. टेबलावरचं कापड धुवायला टाकलं.

बुधवार, ८ ऑगस्ट

डेन्झिलचा आठवडा. त्याचा ससा झोकात येतो, झोकात वाकतो, झोकात वार करतो. कोल्हा बिचारा नुसता वार घ्यायला उभा असतो. पोरं खड्डे खणत बसली होती. चहाच्या टपरीवाल्या मिसेस ट्रेगियर मला हळूच म्हणाल्या, "याचा कोल्हा आधीच मेलेला येतो गं." मी त्यांना केकचा मोठा तुकडा घेऊन दिला.

बाबा मात्र खूश. याला म्हणतात रीत, म्हणे. डेन्झिल ऐकून माझ्याकडे बघत भांगावरून हात फिरवत होता. त्याच्या बुटात निघालेला जिवंत खेकडा मी घातलेला नाही. तो स्वतःच्या मर्जीने गेला असणार.

मंगळवार, १४ ऑगस्ट

सुचलं! इतकं सोपं! ससा डाव्या हातावर घालायचा. कोल्हा उजव्यावर. म्हणजे ससा जिंकेल, रीतीप्रमाणे कोल्हा मरेल, आणि मागे बसलेल्या बाबांना कॅनव्हासमधून काय दिसणार!

करून पाहिलं आणि घोटाळा कळला. तलवार सशाच्या ज्या पंजात आपला अंगठा जातो त्याला शिवलेली, कारण अंगठ्यात जोर असतो. हात बदलला की अंगठा जातो दुसऱ्या पंजात. तलवार करंगळीच्या बाजूला, कोल्ह्याकडे पाठ करून समुद्राला धमकावत उभी!

मग दुपारभर उसवलं आणि शिवलं. दोघांच्याही तलवारी एका पंजातून काढून दुसऱ्यात. बोटाला सुई टोचली. पण काय लढतोय माझा ससा! उद्या बघाच.

बुधवार, १५ ऑगस्ट

फजिती. भर किनाऱ्यावर.

ससा असा लढला की मीच आत तोंडावर हात ठेवून हसले असते, पण दोन्ही हात वर होते. आणि बाहेर कुणी हसेना! मग कुणीतरी ओरडलं, हा आपला ससा नाही. पाठोपाठ सगळी पोरं. खोटा ससा, खोटा ससा! कुणीतरी सशाला ओली चप्पल मारली. नेम चांगला होता.

मी पडद्यावरून डोकं बाहेर काढलं. मिसेस ट्रेगियर टपरी सोडून पुढे आल्या होत्या, कमरेवर हात. म्हणाल्या, "तलवार चुकीच्या हातात आहे, पोरी. सर पेरन डावखुरा आहे."

मी म्हटलं, आमचा ससा उजवा आहे. घराण्यातला कायदा आहे तो.

"तुम्ही लोक मागे असता. मी समोर असते." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझा थोरला डावखुरा. शाळेत हातावर छडी खाऊन आला की मी त्याला इथे आणून बसवायचे. बघ म्हणायचे, सशाला बघ."

खेळ तिथेच बंद केला. बाबा मागून सगळं ऐकत होते.

गुरुवार, १६ ऑगस्ट

तलवारी परत जुन्या पंजात शिवल्या. बाबांचं चालूच होतं — बाई खुळी आहे, रोज आरशासमोर सराव केलाय, ससा उजवाच दिसतो.

आरसा! बाबा, आजोबा, पणजोबा, सगळे त्या एकाच आरशासमोर शिकले. मीही. आरशात डावं ते उजवं दिसतं हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चार पिढ्या! मी इतकी हसले की खाली बसले.

मग ससा उजव्या हातावर चढवला, बाबांना स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि म्हटलं, आता आरशात नको, माझ्याकडे बघा. तलवार सशाच्या कुठल्या पंजात?

ते बघत राहिले. त्यांची मटण भरलेली पेस्टी ताटलीत गार झाली.

आणि मग माझं हसणं कुठल्या कुठे गेलं. कारण मी पाच वर्षांची असताना याच माणसाने माझ्या डाव्या हाताला मोजा चढवून मनगटाशी टाके घातले होते. अख्खा हिवाळा. चमचासुद्धा धरता येत नव्हता. मी रडले की म्हणायचे, सर पेरनकडे बघ, तो कसा उजव्या हाताने लढतो. मी बघायचे. आरशात. त्या सशासारखं होता येत नाही म्हणून मला स्वतःची लाज वाटायची. खूप वाटायची. आज ते त्यांना तोंडावर सांगितलं.

बाबा उठले. पेस्टी टाकून बाहेर गेले. मला वाटलं, झालं — ससा गेला हातचा.

मंगळवार, २१ ऑगस्ट

डेन्झिलच्या खेळाला बाबा समोर बसले. पोरांच्यात, वाळूवर. डेन्झिल घाबरून खेकड्याचे संवाद शिपायाला देऊन बसला. माझ्याशी बाबा अजून मीठ मागण्यापुरतंच बोलतात.

शनिवार, २५ ऑगस्ट

शर्यती. गर्दी एवढी की कुणाच्या तरी आइस्क्रीमवर कुणीतरी बसलं. सकाळचा खेळ डेन्झिलचा, दुपारचा माझा. बाबा दोन्ही वेळा समोर.

मी ठरवलं होतं, आज नीट वागायचं. ससा उजव्या हातावर, तलवार त्याच्या डाव्या पंजात, कोल्ह्याने मुकाट मरायचं. जमलं असतं. ससा हळूहळू अंगावर येत होता, कोल्हा वाट बघत होता, आणि बाहेरून एकच आवाज आला, "मार ना त्याला." पोरांचा नव्हता. जाड, चिडका, पास्को घराण्यातला आवाज. कुणाला मार हे काही सांगितलं नाही.

माझ्या डाव्या हाताने आपल्या मनाने अर्थ लावला. सशाची टोपी पार टपरीपर्यंत गेली. पोरांनी किनारा डोक्यावर घेतला.

आता निकालाची वाट बघायची.

रविवार, २६ ऑगस्ट

ससा डेन्झिलला दिला.

मी बशी आदळली. बाबा म्हणाले, सशाला चांगला उजवा हात लागतो, तुझा नाही. डेन्झिल त्याला खाडीपलीकडच्या गावी नेईल. तंबू इथेच राहील, तुझ्याकडे. मग उठले. डावा हात डोक्याच्या वर नेला, अगदी सहज गेला, आणि तसाच धरून माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कोल्हा शिकव."