ताटावरचा आडवा हात

बाबा, गेल्या रविवारी अकोल्याला जाताना मुलानं मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी थांबवली आणि म्हणाला, आई, इथं जेवून घेऊ, इथं बुफे आहे, लागेल तेवढं घ्या. हॉटेल चकाचक. भिंतीला लागून झाकणाची मोठमोठी भांडी ओळीनं मांडलेली आणि माणसं आपापली ताटं धरून त्यांच्यासमोरून सरकतायत. कोणी वाढत नाही, कोणी 'घ्या' म्हणत नाही, त्यामुळे कोणाला 'बस' म्हणायचीही सोय नाही. एका भांड्यापुढे चिठ्ठी होती, वऱ्हाडी वांगं. मी चमचाभर घेतलं. गोड होतं. तुमच्या तोंडून काय निघालं असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पण त्या वांग्यापायी तुमची ती खानावळ आठवली, आणि तेव्हापासून काही केल्या डोक्यातून जात नाही. तुम्ही म्हणाल, लेक म्हातारी झाली तरी हिची टकळी बंद नाही. नाहीच आहे. ऐका.

तुम्ही शेटची ट्रक चालवायचात. अमरावतीच्या कापसाच्या जिनातून सरकीची पोती भरायची आणि अकोल्याच्या तेलाच्या घाण्यावर नेऊन टाकायची. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गाडी पळायची, पावसाळ्यात जीन बंद, म्हणजे गाडी ताडपत्रीखाली उभी आणि तुम्ही घरी. आम्ही पाच भावंडं, मी थोरली. घरात पहिलं ताट तुमचं, ही रीतच होती. माय चुलीपुढे बसून भाकरी टाकायची, मी तव्यावरची भाकर तुमच्या ताटात नेऊन ठेवायची. एक झाली, दुसरी झाली, की तुमचा हात ताटावर आडवा यायचा. पंजा पालथा, बोटं पसरलेली. मला म्हणायचात, "बस वं माय. पोट फुटंन आता." मग तुम्ही ढेकर द्यायचात. तो ढेकर खोटा असू शकतो हे मला तेव्हा कुठून कळणार? ढेकर खोटा देता येतो हेच मला ठाऊक नव्हतं.

माय मात्र काळजी करायची. एवढा धिप्पाड माणूस आणि चिमणीएवढं खातो, हे काही तिला पटत नसे. तिच्या लेखी तुमचं पोट मंद होतं. पावसाळ्यात तर तुमच्या गालाची हाडं वर यायची, मग तिचा जीव अर्धा व्हायचा. ती ओवा आणि सुंठ कुटून काढा करायची, रोज सकाळी पितळेच्या पेल्यात भरून तुमच्या हातात द्यायची आणि तुम्ही तो संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. का, तर तुम्हाला भूक लागावी म्हणून. आणि तुम्ही तो निमूटपणे प्यायचात. आजही ओव्याचा वास आला की मला हसू येतं आणि पाठोपाठ तुमचा रागही येतो.

अकोल्याच्या वाटेवरच्या त्या खानावळीचं कौतुक ऐकून ऐकून तर आमचे कान किटले होते. अकोल्याहून आलात की हातपाय धुवायच्या आधी सुरू. आज वांग्याची भाजी काय होती, काय सांगू. आज गोळाभात होता, वरून तेलाची फोडणी. आज जवसाची चटणी. माय ऐकून घ्यायची. एवढं कमी खाणारा माणूस परक्या बाईच्या हातचं इतकं वाखाणतो, याचा अर्थ तिनं एकच काढला होता, की आपल्या हाताला चव नाही. तिचं सगळं जग ती चूल होतं बाबा, आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिथेच बोट ठेवत होतात. एक दिवस तिनं भाजीचं भांडं दणकन खाली ठेवलं. "मंग तिथंच राहा ना जाऊन." मग ती शांतपणे म्हणाली, "मले घेऊन चाला एक डाव. पाहू तं द्या, ते बाई काय टाकून राहिली भाजीत."

तुम्ही पुष्कळ टाळलंत. शेट रागावेल, रस्ता खराब आहे, गाडीत बाईमाणूस बसत नाही. पण मायनं एकदा मनात घेतलं की घेतलं. तुमचा क्लीनर लग्नासाठी गावी गेला तेव्हा तिनं ती जागा धरली. धाकट्यांना आत्याकडे ठेवलं आणि मला सोबत घेतलं, कारण मी घरी राहिले असते तर रडून गल्ली डोक्यावर घेतली असती. मला तुमच्या दोघांच्या मध्ये, इंजिनाच्या झाकणावर गोणपाट टाकून बसवलं होतं. खालून चटके बसतायत, समोर बडनेऱ्याचा रस्ता, दोन्ही बाजूंनी वेचणी झालेली कपाशीची वावरं, आणि तुम्ही बैलगाडी दिसली की उगाच भोंपू वाजवताय. मायच्या मांडीवर फडक्यात भाकरी आणि चटणी बांधलेली. तिकडचं नाहीच आवडलं तर असावं, म्हणून. तुम्ही ते गाठोडं पाहिलंत आणि मिशीत हसलात. तो दिवस माझ्या सगळ्या लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस आहे, पुढे जे झालं ते धरून.

खानावळ म्हणजे काय, तर कुडाच्या भिंती आणि टिनाचं छप्पर. दारावर चुन्यानं लिहिलेलं, पोटभर जेवण. आत लांबलचक सतरंजी, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटं, आणि एक जाडजूड बाई कमरेला पदर खोचून वाढते आहे. मागे तिची जाऊ भाकरी थापत होती. बाईचा एक नेम होता. एकदा जेवणाचे पैसे घेतले की माणूस ताटात हात धुवेपर्यंत वाढत राहायचं. विचारायचं नाही, ताटाकडे पाहायचं आणि टाकायचं. बाहेर दोन ट्रका उभ्या होत्या, आत त्यांचे डायवर मान खाली घालून जेवत होते. माय सतरंजीवर न बसता सरळ चुलीपाशी गेली. भाजीच्या गंजात डोकावली, वास घेतला, बाईनं हातावर घातलेली फोड तोंडात टाकली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मायचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. माझ्याजवळ येऊन बसली आणि कानात म्हणाली, "तेल जास्त हाये. बाकी काई नाई." तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ती खरंच जिंकली होती. तिच्या भाजीपुढे ती भाजी काहीच नव्हती, मी खाल्ली आहे.

त्या आनंदातच ती बाईशी बोलायला लागली. तुम्ही समोर जेवत होतात. बाई भाकरी घेऊन तुमच्याकडे वळली तशी माय म्हणाली, "यायले जास्त वाढू नका बाई, वाया जाईन. यायचं खानं लय कमी हाये. दोन भाकरीच्या वर जातच नाई हे." बाई भाकर हातात धरून थांबली. आधी तुमच्याकडे पाहिलं, मग मायकडे, आणि हसायलाच लागली. "दोन? अवं माय, दोन तं हे भाजीची वाट पाह्यता पाह्यता खाते. या रस्त्यावरचे सारे डायवर माह्या इथं जेवते, पन जेवावं तं या मानसानं." आणि तिनं ती भाकर तुमच्या ताटात टाकली. तुमचा हात आडवा आला नाही. यायचा राहूनच गेला असेल, त्या जागी त्याला आडवं व्हायची सवयच नव्हती. घास तोंडाशी धरून तुम्ही तसेच बसलात. माय तुमच्या हाताकडे पाहत होती. तिच्या ताटात भात तसाच होता, तो तिनं मग माझ्याकडे सरकवला.

पुढे अकोल्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. तुम्हाला वाटलं, भाजीवरून रुसली. "तुहीच भाजी चांगली हाये," तुम्ही दोनदा म्हणालात. पोती उतरवली, परत निघालो. बोरगाव गेल्यावर ती समोर पाहतच म्हणाली, "घरी हात काहून आडवा करता ताटावर?"

"पोट भरते ना."

"खोटं."

रस्ता सपाट होता, तरी तुम्ही गिअर बदललात. मग म्हणालात, "पाच लेकरं हायेत. तू हाये. माहं तं वाटेत भागते."

"आन पावसाळ्यात? गाडी उभी राह्यते तवा?"

मला तो प्रश्न तेव्हा नीटसा समजलाही नाही, पण तुम्ही दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलंत ते दिसलं. माय रडायला लागली. "आन मी काढा पाजत होती तुमाले," ती म्हणाली, "भूक लागावी म्हनून." तुम्ही समोरची एक बैलगाडी भोंपू न वाजवता मागे टाकलीत. मग अगदी गंभीरपणे म्हणालात, "काढा मातर चांगला व्हता. लय भूक लागे." आणि ती माउली रडता रडता हसली, आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात लांबवून तुमच्या दंडावर एक चापट मारली. मी मध्ये होते म्हणून मला पक्कं ठाऊक आहे, चांगली जोरात मारली होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना तुमचा हात सवयीनं ताटावर आला. त्या दिवशी भाकर घेऊन मी नव्हते, माय स्वतः आली होती. "हात काढा," ती म्हणाली. तुम्ही काढला नाही. तिनं तव्यावरची भाकर तुमच्या पंजावर ठेवली. तुम्ही ओरडलात, आम्ही पोरं हसून लोळलो. मग तुम्ही हात झटकत तिला म्हणालात, "तू बस मंग माह्यासंग. तुहं ताट तं म्या कधी पाह्यलंच नाई." आणि ते खरं होतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, तिला हात आडवा करायची गरजच पडत नव्हती, वाढणारं कोण होतं? त्या दिवसापासून तुम्ही दोघं शेजारी बसून जेवायला लागलात. आत्या नवरानवरी म्हणून चिडवायची, तुम्ही तिला भीक घातली नाही. पावसाळ्यात भाकरीच्या जोडीला ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी आली, सगळ्यांना थोडं थोडं कमी पण सारखं. माझी अर्धी भाकर गेली, आणि खरं सांगते, त्याचा मला रागही आला होता. तो काढा मात्र पुन्हा कधी झाला नाही. खानावळीचं कौतुकही तुम्ही सोडून दिलंत.

आता घरात काही कमी नाही, बाबा. मुलगा कमावतो, सून चांगली आहे, भाकरीही गोल करते. काल संध्याकाळी तिनं वांग्याची भाजी केली होती, तुम्ही होय म्हणाल अशी. भाकरीचा डबा अर्धा भरलेला मला दिसत होता. नातू अजून ग्राऊंडवरून यायचा होता. सून भाकर घेऊन आली, "आई, अजून एक घ्या ना," म्हणाली, आणि माझा हात ताटावर आडवा गेला. पालथा पंजा, बोटं पसरलेली. मी त्याच्याकडे पाहत राहिले, तुमचाच हात होता तो. सून "बरं" म्हणाली आणि तिनं डब्याला झाकण लावलं. तिचं काही चुकलं नाही, तिनं बिचारीनं विचारलं होतं.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, फाडूनच टाकीन. सुनेच्या हाती लागलं तर ती पुढची भाकर माझ्या पंजावर ठेवेल, मायसारखी गरम गरम. पण तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. मी ढेकरही दिला. पोट भरलं नव्हतं, बाबा.