दहावा माणूस अंथरुणात

नवीन पनवेल, सोमवार, १४ नोव्हेंबर २०११

प्रिय कमळाकर,

सप्रेम नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि तुझा रक्तदाब ताब्यात असतील असं धरून चालतो, कारण अलिबागला गेल्यापासून तू स्वतःहून काही कळवत नाहीस. माझं अक्षर मुंगीएवढं झालंय (हा पार्किन्सनचा प्रताप, मी कागद वाचवत नाहीये), तेव्हा भिंग घेऊन बस.

मागे फोनवर विचारलंस, दिवसभर करतोस काय? अरे, उठतो! डोळे पाचला उघडतात, बाकीचा मी सहापर्यंत उघडत नाही. पायांना सांगावं हला, तर ते ऐकूनच घेत नाहीत. व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, कोपरावर जोर द्या. तिसऱ्या पायरीला पहिली विसरतो. हदासनं (लेक माझी, कॉम्प्युटरवर वाचून डॉक्टर झालेली) वळायला सोपं जावं म्हणून ठाण्याहून सॅटिनची चादर आणली. इतकं सोपं गेलं की थेट फरशीवर. शेजारच्या भगवाननं गादीच्या पायथ्याला दोर बांधला. तो ओढला की मी तिथंच आणि गादी माझ्याकडे. आणि रूबी एक, दोन, तीन म्हणते. ती तिनाला ओढते, मी पाचाला निघतो. चाळीस वर्षांचा संसार आमचा!

तू म्हणशील, रिटायर्ड माणसाला घाई कसली? आमच्या सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही. पनवेलात आम्ही मोजून दहा उरलोत आणि दहावा मी. नऊ जण टोप्या घालून माझी वाट बघतात आणि मी इथं छताकडे बघत असतो. परवाच्या शनिवारी तर आईचा स्मरणदिन होता. तिच्या नावाची प्रार्थनाही दहाजणांतच म्हणायची असते.

म्हणून त्या दिवशी चारलाच सुरुवात केली. गोळी, दोर, रूबी, शिव्या. सव्वापाचला उभा! शर्टाच्या बटणांनी अर्धा तास खाल्ला, पण शिवाच्या रिक्षातून (शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या शनिवारी, वाहनात बसू नये हे मला ठाऊक आहे, देवालाही माझे पाय ठाऊक आहेत) पावणेआठला पोचलो. आत चिटपाखरू नाही. पाऊण तास एकटा बाकावर बसलो.

झालं होतं असं, की आपला डॅनी (फार्मसीवाला) म्हणाला, काका आजही अडकले असणार, चला, उचलूनच आणू. नऊच्या नऊ जण माझ्या घरी! रूबीनं ओल्या केसांनी दार उघडलं. मंडळी माझ्या रिकाम्या पलंगाभोवती उभी, आणि ती ओरडतेय, "अरे, तुमच्याकडेच पाठवलाय त्यांना!"

ते धापा टाकत परत आले. प्रार्थना सुरू झाली, आईसाठी उभं राहायची वेळ आली, आणि मी बाकाला चिकटलेला. नऊ जणांनी नऊ उपाय सांगितले, सगळे एकदम. शेवटी दोघांनी काखेत हात घातले. उभा राहिलो, आईची प्रार्थना म्हटली. कमळाकर, फार भरून आलं. पण आजारानं माझा चेहरा हलत नाही, त्यामुळे डॅनीला वाटलं मी चिडलोय, आणि तो अर्धा तास माफी मागत राहिला.

असो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सामाजी

ता. क. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं. डॅनीचे इस्रायलचे कागद आलेत, पुढच्या महिन्यात बायकापोरांसह निघाला. म्हणजे आता मी उठलो तरी आम्ही नऊच. तुमच्या अलिबागेत आमच्यातली थोडी घरं आहेत. तेरा वर्षांवरचा कुठलाही पुरुष शनिवारी इकडे यायला तयार असेल तर बघ. शुक्रवारी मुक्काम आमच्याकडे, मटण रूबीच्या हातचं.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं, तेवढ्यात मंगळवार उजाडला. सकाळी रूबी म्हणाली, "आता नऊच उरणार, तर शनिवारी झोपून राहा की निवांत." असा संतापलो की गोळी नाही, दोर नाही, तीन मिनिटांत फरशीवर पाय टेकवून उभा! डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. तेव्हा दहावा मिळो न मिळो, तू दर शनिवारी पहाटे पाचला फोन करून माझा अपमान करत जा. शिक्षकखोलीत तीस वर्षं केलास, तसाच.